देवाचं कापलेलं बोट

वेरूळला जायचं ठरलं ते आमच्या जातीतल्या म्हाताऱ्या पंचाच्या अंगणात, आणि मला तिथं कुणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेले. बायका भिंतीकडेला बसतात तिथं न बसता पायरीवर बसले, कारण भिंतीकडून निम्मं ऐकू येत नाही.

आम्ही सुतार. तेव्हा सोलापुरात गल्लीगल्लीत हातमाग होते आणि मागाला लागणारं लाकूडकाम आमच्या घरांतून जायचं. माझा नवरा धोटे करायचा. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते आणि विणताना तो या टोकाचा त्या टोकाला पळतो. त्याला कुठं कुसळ राहिलं की धागा तुटलाच. नवरा तासायचा, मी घासून गुळगुळीत करायची. मग तो तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. घरात सासू आणि मी राहिलो, आणि दोघींनाही भूक लागायची.

मी त्याचा वाकस हातात घेतला. वाकसानं लाकूड तासतात. बाईनं त्याला हात लावायचा नाही अशी आमच्यात रीत. दसऱ्याला हळदकुंकूसुद्धा बायकांनी लांबूनच वाहायचं. म्हणून मी परसात, दार लावून बसायची. समोरच्या तेलुगू विणकर बाईला ते माहीत होतं. धोटे न्यायला यायची, 'एमक्का', म्हणजे 'काय गं अक्का', अशी हाक मारायची आणि म्हणायची, "एमक्का, ह्या धोट्यानं धागा तुटत न्हाई. कुनी केला ते मला कशाला पायजे?"

वर्षभर असं चाललं. मग एक दिवस गाठीच्या लाकडावर वाकस घसरला आणि डाव्या हाताचं बोट कापलं. चिंधी बांधून पाण्याला गेले तर सगळ्या गल्लीला कळलं. संध्याकाळी दीर आला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "वैनी, हत्यारानंच तुला नगं म्हटलंया. आता तरी समज."

"हत्यार बोलतंय व्हय? मला तर तुमीच बोलताना दिसताय," मी म्हटलं.

त्याला हत्यारं हवी होती. धाकटा भाऊ म्हणून आपला हक्क आहे असं त्याचं म्हणणं. आणि ते पक्कं करायची जागा होती वेरूळ.

वेरूळच्या लेण्यांत एक लेणं सुतारांचं. आत देव बसलेला आहे, माणसाच्या दुपटीहून उंच, खुर्चीत बसावं तसे पाय खाली सोडून. तो आमचा विश्वकर्मा. एका हातानं दुसऱ्या हाताचं बोट धरून बसलाय, कारण डोंगर कोरताना त्याचं बोट कापलं. हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून सांगतात. महाशिवरात्रीला तिथं जत्रा असते. आमच्यात घरटी एक हत्यार लाल कापडात बांधून न्यायचं आणि देवाच्या पायाला लावून आणायचं. जो नेईल, त्या घराची हत्यारं तिथून पुढं त्याची. दिरानं सांगून टाकलं होतं, "दादाचा वाकस मी नेनार."

म्हणून मी त्या पायरीवर जाऊन बसले होते.

आधी प्रवासाचं बोलणं झालं. दौंडला गाडी बदलायची, मनमाडला परत बदलायची, तिथून निजामाच्या छोट्या गाडीनं दौलताबाद, आणि पुढं घाटानं बैलगाड्या. पंच पूर्वी जाऊन आलेला. तंबाखू मळत तो गर्दीचं वर्णन करू लागला. "शिवरातीला तितं महादेवाची सगळी गर्दी लेण्यांत शिरती. पाय ठिवायला जागा न्हाय. एकमेकाच्या धोतराचा सोगा धरून चालायचं. सुटला त्यो गेला."

मी म्हटलं, "मग मला लुगडं असून चालंल का? मी बी येनार हाय. वाकस घिऊन."

दीर उठून उभा राहिला. "वैनी, त्या गर्दीत बाईमानूस चेंगरून मरंल."

"मेले तर वाकस तुमचाच की. मग तुमाला अडचन काय?"

मागं कुणीतरी हसलं. पंचाला हसू आवरेना, म्हणून तो जास्तच रागावला. "ये पोरी, थट्टा न्हाय ही. हत्यारानं तुझं बोट कापलंया. त्यो इशारा असतुया."

"देवाचं बी कापलंय की," मी म्हटलं. "तेवढंच बघाय तुमी सगळी तीन गाड्या बदलून चाललाय. त्येचा वाकस कुनी काडून घेतला का? त्येला इशारा झाला न्हाय, अन् मला तेवढा झाला?"

पंचानं तंबाखू तोंडात टाकली, म्हणजे त्याला बोलायला नको. शेवटी तो थुंकून आला आणि म्हणाला, "बायकांच्या डब्यात बस. अन् आमच्या म्होरं म्होरं करू नगं." याला होकार म्हणत नाहीत, नकारही म्हणत नाहीत. मला पुरे होतं. मी लुगडं झाडून घरी आले.

सासूला सांगितलं. तिचे डोळे गेले होते, पण भाकरी अजून अंदाजानं थापायची. तिनं ज्वारीच्या कडक भाकऱ्या केल्या, पापडासारख्या वाळवून. त्या महिनाभर टिकतात. लाल कापड कुठून आणावं म्हणून मी बघत होते, तर तिनं आपल्या गाठोड्यातला लाल खण काढून पुढं टाकला. कशाचा ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

"आत्याबाई, गर्दीला लई भ्या घालत्यात सगळी."

"गर्दीला भिऊ नगंस. रडू मातर नगंस. रडलीस का हातातलं काडून घेतील."

निघायच्या सकाळी दीर फार गोड होऊन आला. "वैनी, दे ते गठुडं. जड हाय."

"वर्सभर उचलत हुते तवा जड न्हवतं, आजच जड झालं व्हय?" म्हटलं आणि गाठोडं डोक्यावर ठेवून चालायला लागले.

प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही. धूर, धक्के आणि अंग आंबलेलं. वेरूळची गर्दी मात्र पंचानं सांगितली होती तशीच निघाली. सोगा धरायची गरजच पडली नाही. मागच्यांनी ढकललं तसे आम्ही आत गेलो. लेण्यात अंधार होता. डोळे सरावले तेव्हा मी आधी वर पाहिलं. सगळं छत दगडाचं, पण त्याला लाकडाच्या वाशांसारखे वासे कोरलेले, कमानीसारखे वाकवून. दगडाला वासे लागत नाहीत. ज्यानं ते कोरले त्याच्या डोक्यात लाकूड होतं, एवढं मला पटलं. मग देवाकडं पाहिलं.

दिरानं नारळ फोडला आणि माझ्याकडं वळून हात पुढं केला. "आन हिकडं. पायाला मी लावतो."

तेवढ्यात दाराशी उभा असलेला निजामाचा पहारेकरी ओरडला, "नारियल बाहर फोड़ो, बाबा! हर साल बोलता मैं. ये बुध की मूरत है, सुतार-लुहार कोई नहीं."

दिराचा चेहरा उजळला. "ऐकलंस का, वैनी? ह्यो इस्वकर्मा न्हवंच. बोट-बीट कायबी कापल्यालं न्हाय. तुजं सगळं बोलनं खोटं पडलं."

"मग नारळ कुनाला फोडला? उचला त्यो," मी म्हटलं. "अन् ह्यो आपला देव न्हवं, तर त्येच्या पायाला लावून वाकस तुमचा तरी कसा हुनार हुता?"

मी खण सोडला. मागून ढकलाढकली वाढली होती, आमच्यामुळं वाट अडली होती, आणि सगळ्यांच्या मागून पंचाचा आवाज आला, "लाव की गं लवकर! लाव अन् हो म्होरं! मागं सगळी जत्रा खोळंबलीया!"

पंचाचं ते 'लाव' आमच्या गावच्या सगळ्यांनी ऐकलं. मी वाकस देवाच्या पायाला लावला, परत बांधला आणि पुढं झाले.

वळण्याआधी ते बोट मात्र नीट बघून घेतलं, कारण त्याच्यासाठीच मी एवढी भांडले होते. जखम नव्हती. एखाद्याला काही समजावून सांगताना आपण एकेक बोट धरतो, तसं धरलेलं होतं. पहारेकऱ्याचं खरं असावं. पुढं बुद्ध कोण ते मला लोकांकडून कळलं. मी तेव्हा त्याच्या पाया पडले होते, त्याबद्दल मला काही वाईट वाटलेलं नाही. विश्वकर्मा म्हणून पडले, बुद्ध निघाला, तरी माझा वाकस त्यानं नाकारला नाही.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. अमावास्येला आमची हत्यारं झोपतात, त्यांना कुणी उठवत नाही. घरी पोचलो तेव्हा ती उलटली होती. मी सासूच्या हातात खण दिला, परसातला लाकूड तासायचा ठोकळा ओढत घरातून पुढं आणला आणि रस्त्यावरच्या दारात मांडला. दीर समोरून गेला. त्यानं पाहिलं आणि मान वळवली. समोरची विणकर बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"एमक्का, आता इतं बसनार?"

"व्हय," मी म्हटलं. "परसात उजेड कमी पडतोय."