किती वॅटचा बसवू?

भोरला आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान माझ्या मामांचं. डिप्लोमा झाल्यावर मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर येऊन बसले, ती अजून तिथंच आहे. अशा दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, उरलेले स्क्रू आणि गिऱ्हाइकांचे किस्से. स्क्रू डब्यात गप पडून राहतात. किस्से राहत नाहीत.

आमचे बरेचसे किस्से एकाच प्रश्नातून निघालेत. "पॉवर सप्लाय किती वॅटचा बसवू?" पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली लोखंडी पेटी. घरातली वीज घ्यायची आणि आतल्या प्रत्येकाला वाटायची, हे तिचं काम. प्रोसेसरला किती, ग्राफिक कार्डाला किती, पंख्यांना किती, सगळं मिळवायचं आणि वर थोडं मोकळं ठेवायचं. गणित एवढंच.

*

विंझरच्या एका काकूंना किराणा दुकानासाठी कॉम्प्युटर हवा होता. मी म्हटलं, साडेचारशे वॅटचा सप्लाय टाकू. काकू खुर्चीवरून उठल्याच.

"आमचा मिक्सर पाचशेचा हाय, त्यो म्या दोन मिंटं लावते. ह्ये दिवसभर एवढं खानार?"

मी समजावलं, साडेचारशे ही त्याची ताकद झाली. तुमचं काम शंभराच्या आतबाहेर होईल, तो तेवढंच घेईल.

काकूंनी थोडा विचार केला. "म्हंजे, टोपलं मोठं असलं म्हनून मानूस जास्त भाकरी खात न्हाई."

इतकं सोपं करून मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

*

एकानं बाहेरून आणलेला सप्लाय दाखवला. वर ठळक अक्षरात पाचशे वॅट. गेम सुरू केला की कॉम्प्युटर बंद. मामांनी पेटी तळहातावर घेतली, जरा खालीवर केली आणि माझ्या हातात दिली. रिकाम्या डब्यासारखी हलकी.

"लेबल पाचशेचं हाय," मामा म्हणाले. "आत तेवढं कायच न्हाई."

उघडली तर खरंच, अर्धी पेटी मोकळी होती.

*

आंबवड्याला एक ताई ऑनलाइन फॉर्म भरून देतात. त्यांचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा. आम्ही सगळी बेरीज पुन्हा केली, मोठा सप्लाय बसवला. आठवड्यात तक्रार परत. त्याहून मोठा बसवला. पुन्हा तेच. कॉलेजप्रवेशाचे दिवस, पोरींचे फॉर्म अर्धवट राहायला लागले, तेव्हा मामा आणि मी एसटीनं तिकडं गेलो.

जाऊन बसलो तोच शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. वरचा बल्ब मंदावला आणि कॉम्प्युटर बंद. दोन्ही एकाच लाइनीवर होते. गिरणीची मोटर चालू होताना सगळी वीज ओढून घ्यायची.

मामा बल्बकडं बघत राहिले. ताई शांतपणे म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं, गिरणी लागली की बंद पडतो. तुमी दोघं वॅट मोजत व्हता."

आम्ही यूपीएस बसवला. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाचं आधी ऐकते.

*

वरवे बुद्रुकची एक मुलगी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. नवा कॉम्प्युटर बांधायचा होता. येताना वही घेऊन आली. वीज मोजायचं छोटं मीटर प्लगला लावून तिनं दिवसभर दर दहा मिनिटांनी आकडा लिहिला होता. नुसता चालू असताना ऐंशी, व्हिडिओ तयार होताना दोनशे नव्वद.

मामांनी वही दोनदा वाचली. "इतकी वर्षं म्या अंदाजानं सांगतोय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामांनी तसंच मीटर आणलं आणि घरभर मोजत सुटले. फ्रिज, टीव्ही, मिक्सर. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझं बी माप घ्या. सकाळपासनं उभीच हाय."

*

वेल्ह्याकडच्या एका वाडीवरचे आजोबा आले होते. घरी मेंढरं. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरवर इमारतींची चित्रं काढायचा. आता ते काम घरूनच करायला परत येणार होता. कॉम्प्युटर पुण्यातच विकून टाकला होता, नवा आमच्याकडं बांधायचा. त्यानं पाठवलेली यादी आजोबांच्या मोबाईलवर होती.

मी बेरीज केली. साडेचारशे. वर मोकळं धरून कागदावर साडेपाचशे लिहिलं.

"मोठ्यात मोठा केवढा येतो?" आजोबांनी विचारलं.

"हजाराचा, त्याच्याही पुढं. पण तुम्हाला त्याची गरज नाही, आजोबा."

"आत्ता न्हाई. फुडं त्यानं काय वाढवलं तर?"

"वाढवलं तर बघू की तेव्हा."

आजोबांनी मोबाईल उपरण्यात गुंडाळला. मग म्हणाले, "तवा हितं पुरलं न्हाई, तर त्यो परत जाईल."

मामा शेजारच्या टेबलावर एक बोर्ड जोडत होते. त्यांनी काम बाजूला ठेवलं, माझ्यापुढचा कागद ओढून घेतला, साडेपाचशेवर काट मारली आणि हजार लिहिलं.