बूट वाटप संपन्न

"मावशी, पाय ढिला सोडा," असं म्हणत नगरसेवक साहेबांचा पीए कमलमावशींच्या पायातला नवा गमबूट ओढत होता. फोटो काढून पाच मिनिटंही झाली नव्हती!

मी सफाई कामगारांच्या संघटनेत पत्रकं लिहिते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात झाडू मारणाऱ्या बायकांना गमबूट द्या, ही मागणी माझ्याच पत्रकातली. तिथल्या धुळीत कीस असतो, म्हणजे लोखंड कापताना उडणारे बारीक, धारदार तुकडे. चपलेतून आरपार जातात. कमलमावशींच्या टाचेत दोनदा गेलेत. त्यांना शुगर आहे. डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा लागलं तर पायाची खात्री नाही.

ठेकेदार दाद देईना, म्हणून आम्ही साहेबांना गाठलं. ते लगेच तयार. गुडघ्यावर बसून त्यांनी स्वतःच्या हातांनी मावशींना बूट घातले. मावशींचे डोळे भरून आले.

आणि आता हे.

"अहो, काय करताय?" मी पीएला विचारलं.

"ताई, सेट एकच हाय. अकराला नावड्याला प्रोग्राम हाय. तिथल्या बायकांना काय घालू?"

"मग आमचे कधी?"

"येतील ना! टेन्शन कशाला घेता?"

मी गाडीकडे धावले. साहेबांनी मला हात जोडले आणि काच वर केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे गेलो. त्याने पेपर पुढे सरकवला.

"बूट मिळाले की! परत कशाला?"

"फोटो काढून परत नेले."

"असं? मग ही बातमी कोणी दिली?"

मी. आमच्याकडे प्रेसनोट कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच जाते. पेपरात जागा मिळावी म्हणून. 'सर्व महिला कामगारांना गमबूट वाटप संपन्न.' खाली माझं नाव. साहेबांना खोटं बोलायची गरजच पडली नाही. ते काम मी आधीच उरकलं होतं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तू लिवलंस म्हंजी मिळालंच असतील. घरी जाऊन बघते, कुटं ठेवलेत."

मी खुलासा तीन पेपरांना पाठवला. एकानेही छापला नाही. मावशी चपलेत टायरच्या ट्यूबचा तुकडा घालून झाडतात.

हल्ली बूट पायात गेले म्हणून मी 'संपन्न' लिहीत नाही. ते घालून बाई घरी पोचली, की लिहिते. अजून एकदाही लिहिलेलं नाही.