न्हाई सुभेदार

सुभेदार जुनी गाडी बघायला गेले की आधी तिचा वास घ्यायचे. मालकाला रामराम नंतर. दार उघडायचं, कमरेत वाकून डोकं आत घालायचं, पायाखालची मॅट उचलायची आणि काहिलीत गूळ लागलाय का हे बघावं तसं दोन-तीनदा नाक ओढायचं. तोवर बिचारा मालक हात जोडून त्यांच्या पाठमोऱ्या पायजम्याकडे बघत उभा. मग सुभेदार बाहेर येत, टोपी सरळ करत आणि म्हणत, "हं. रामराम." निम्म्या गाड्यांचा निकाल त्या रामरामाच्या आधीच लागलेला असे.

निकाल बहुतेक एकच असायचा : "न्हाई." फौजेत अठ्ठावीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वर्कशॉपात काढली होती. निवृत्त होऊन पलूसजवळच्या आपल्या गावी ते ऊस लावून राहिले होते, आणि गावात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी त्यांच्या दारात येई. एक पैसा घेत नसत. एसटीचं तिकीट आणि परतताना स्टँडवर एक भेळ, एवढीच त्यांची फी. पण सुभेदारांना घेऊन जाणं म्हणजे भेळ खाऊन परत येणं, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. पाठीमागे लोक त्यांना 'न्हाई सुभेदार' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "म्हणू द्यात की," ते म्हणायचे, "पर म्हणणाऱ्याच्या दारात येक तरी गाडी बंद पडल्याली हाय का, त्ये इचारा."

मी त्या गावच्या हायस्कुलात मास्तर. मूळचा माण तालुक्यातला, बदली होऊन आलेला. आईच्या मागं वडिलांना, म्हणजे आण्णांना, मी माझ्याकडं आणलं, आणि वर्षभरात त्यांची किडनी थकली. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यायला लागलं. जाताना ते एसटीत बऱ्यापैकी बसायचे, येताना मात्र पार गळून गेलेले असायचे. एकदा गर्दीत जागा मिळाली नाही तेव्हा ते स्टँडच्या फरशीवरच खाली बसले आणि मला म्हणाले, "तू जा, मी बसतो हितंच." त्या दिवशी मी ठरवलं, कशी का असेना, गाडी घ्यायची. नवीन माझ्या आवाक्यातली नव्हती. म्हणून मी सुभेदारांच्या दारात गेलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आण्णा गाडीत असताना ती बंद पडली तर चालंल का?" मी नाही म्हणालो. "मग घाई करायची न्हाई," असं म्हणून त्यांनी खुंटीवरचं पोतं काढलं. ते पोतं, रुमालात बांधलेलं जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक आणि खडू एवढी त्यांची हत्यारं. पोतं गाडीखाली आडवं होण्यासाठी. चुंबक पत्र्याला लावण्यासाठी, कारण जिथं ठोकलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते तिथं ते चिकटत नाही. आणि खडू चासीचा नंबर घासून आर.सी. बुकाशी ताडण्यासाठी. बँकेचा बोजा उतरलाय का, हेही ते बारकाईनं बघत. "जिमीन घेताना सातबारा बगता, आन् हितं निसता रंग बगून भुलता व्हय?" असं मला त्यांनी पहिल्याच दिवशी सुनावलं.

त्यांचे नियम मी हळूहळू शिकलो. गाडी बघायला सकाळी जायचं आणि आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर मागं फिरायचं, कारण गार इंजिन सुरू होत नाही म्हणूनच मालकानं ते तापवून ठेवलेलं असतं. कराडला एका गृहस्थाच्या गाडीचं बॉनेट सकाळी सात वाजता तव्यासारखं तापलं होतं. "देवाला जाऊन आलो आत्ताच," गृहस्थ म्हणाले. सुभेदारांनी शांतपणे विचारलं, "कुठल्या देवाला?" त्या माणसाला एकाही देवाचं नाव आठवेना. मला हसू आवरेना, आणि सुभेदार मात्र त्याला हात जोडून म्हणाले, "दर्शन झालं. न्हाई."

मीटरच्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते थेट क्लचच्या पेडलवरचं रबर बघत. "मीटर मागं फिरवता येतंय मास्तर, झिजल्यालं रबर माघारी येत न्हाई." सगळ्यात शेवटी ते सीटबेल्ट ओढत. कापडवाला कापड मोजतो तसा हातभर, अजून हातभर, पार मुळापर्यंत ओढत आणि तिथं डोळा लावत. आमच्याकडं कृष्णेला पूर आला की सांगलीत गाड्या बुडतात, आणि पाणी ओसरलं की त्याच धुऊनपुसून, अत्तर मारून विकायला निघतात. "कृष्णामाई गाडीत शिरली की सगळीकडनं धुता येती," सुभेदार सांगायचे, "पट्ट्याच्या शेवटाला तेवडी ऱ्हाती. तितं कुणी हात घालत न्हाई."

आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा : निकाल सांगितल्याशिवाय मालकाच्या घरचा चहा घ्यायचा नाही. आपल्याकडं दारात आलेल्याला चहा न देता कोण सोडतं? पण कितीही आग्रह झाला तरी सुभेदार कपाला हात लावत नसत. "चा प्यालो की जीब जड हुती. मग खोट दिसली तरी तोंडातनं भाईर येत न्हाई." त्यामुळं विट्यापासून कराडपर्यंत आम्ही सात-आठ घरचे चहा नाकारले आणि तितक्याच लोकांशी वाकडं घेतलं. तिकडं आण्णा एसटीनंच जात होते. मी आतून धुमसत होतो. सुभेदारांना गाडी घेऊन द्यायची नाहीच, त्यांना फक्त लोकांच्या गाड्यांखाली लोळायची हौस आहे, असंही मी बायकोला एकदा बोललो.

मग फोनवर एक सांगलीची गाडी दिसली. पांढरी, चकचकीत, माझ्या आवाक्यातली. सुभेदारांना मालकाचं नाव आधी सांगितलेलं चालत नसे, "नाव कळलं की मन वाकडंतिकडं हुतंय" म्हणून. त्यामुळं मी फक्त त्यांना घेऊन निघालो. गल्लीत शिरलो तसे ते थबकले. आणि दारात गेल्यावर आतून एक बाई धावत आली आणि त्यांच्या पाया पडली. ती त्यांची मुलगी रूपाली होती. गाडी तिच्या सासऱ्यांची, म्हणजे सुभेदारांच्या व्याह्यांची होती. दुकानात माल भरायचा म्हणून ते गाडी विकत होते, आणि व्याह्याच्या कानावर हे जाऊ नये म्हणून त्यांनी गावाकडं कुणाला सांगितलं नव्हतं.

"आवं, या या! बगा की, आसं यायचं आसतंय व्हय?" व्याही ओशाळून हसत होते. रूपाली चहा घेऊन आली. सुभेदारांनी कप घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळा चहा प्याले. पोतं त्यांच्या काखेतच राहिलं. चुंबक खिशातून बाहेर आलं नाही. व्याही सांगत होते, "पाण्याच्या वक्ताला गाडी हितं नव्हतीच. मिरजेला पाव्हण्यांच्यात वर लावली व्हती." सुभेदार मान डोलवत होते. शेवटी मीच म्हणालो, "सुभेदार, जरा बघता ना?" तेव्हा ते पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. मी आणि व्याही बॉनेटपाशी उभे होतो. काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं. रूपाली चौकटीला धरून उभी होती.

सुभेदार बाहेर आले. त्यांना इतका वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी टोपी सरळ केली आणि म्हणाले, "गाडी झ्याक हाय." माझा जीव भांड्यात पडला. मग ते म्हणाले, "पर मास्तरांसाठनं न्हाई. ही मीच नेतो."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण खरोखरच दुसऱ्या आठवड्यात ती पांढरी गाडी त्यांच्या गोठ्याशेजारी येऊन उभी राहिली. मला इतका राग आला की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. आठ महिने मला वणवण फिरवलं, आणि एक चांगली गाडी मिळाली ती या माणसानं स्वतःच उचलली! बरं, घेऊन उपयोग काय, तर ती सारखी बंद पडायची. कधी दिवे जात, कधी काच वर होत नसे. गावाला आयतं निमित्त मिळालं. पारावर कुणीतरी हमखास विचारी, "काय सुभेदार, ह्या गाडीचा वास घेतला न्हवता व्हय?" सुभेदार मिशीत हसत आणि गाडीखाली पोतं अंथरत. खरं सांगायचं तर, त्या हसणाऱ्यांत मीही होतो.

पंधरा दिवसांनी ते माझ्या दारात आले. "चला मास्तर, पाटणला जायाचंय." मी नको म्हणणार होतो, पण आदल्याच दिवशी आण्णा एसटीच्या पायरीवर घसरले होते. मी मुकाट निघालो. पाटणला एका निवृत्त ग्रामसेवकाची शेवाळी रंगाची, दिसायला अगदीच कळाहीन गाडी होती. सुभेदारांनी वास घेतला, पट्टा ओढला, गाडीखाली जाऊन आले आणि दार जरा जोरात लावलं. तसे ते ग्रामसेवक ओरडले, "आवं, हळू लावा की! दार हाय त्ये, फाटक न्हवं!" सुभेदारांचा चेहरा एकदम उजळला. "ह्यीच घ्या," ते मला म्हणाले आणि मालकाकडं वळले, "आणा आता चा." माझ्यासाठी 'व्हय'च्या अर्थाचं काही त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ते एसटीनं पाटणला आधी दोनदा जाऊन आले होते, हे त्या ग्रामसेवकांकडून मला कळलं.

ती शेवाळी गाडी एकदाही रस्त्यात थांबली नाही. आण्णा मागच्या सीटवर उशी घेऊन आडवे होत आणि मिरजेहून घरापर्यंत झोपत येत. सुभेदारांबद्दलचा माझा राग मात्र धुमसतच होता. पुढच्या उन्हाळ्यात माझी गाडी सर्व्हिसिंगला गेली असताना त्यांनी मला त्यांच्या गाडीतून पलूसला सोडायला घेतलं. अर्ध्या वाटेत, नेहमीप्रमाणं, गाडी बंद पडली. ते उतरून बॉनेट उघडायला गेले. मी बसल्या बसल्या सवयीनं सीटबेल्ट ओढला. हातभर, अजून हातभर. पार शेवटाला बोटभर रुंदीचा करडा गाळ वाळून चिकटलेला होता.

मी पट्टा तसाच हातात धरून बसलो. सुभेदार खिडकीशी आले, त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि एखादी चोरी पकडली जावी तसे ओशाळले.

"तुम्ही त्या दिवशी बघितला होता हा गाळ," मी म्हणालो.

"बगितला व्हता."

"मग?"

त्यांनी हाताचं तेल फडक्याला पुसलं. "न्हाई म्हणलो आसतो, तर लेकीला जलमभर ऐकावं लागलं आसतं, की तुज्या बानं आमाला चारचौघात खोटं पाडलं. व्हय म्हणलो आसतो, तर तुमचं आण्णा आसं हितं उनात बसलं आसतं. मग तिसरं काय ऱ्हायलं, सांगा की मास्तर." मग माझ्या हातातून पट्टा सोडवून घेत ते हसले. "गाळ लेकीच्या घरचा हाय. माज्या दारात ऱ्हाऊ द्या. आन् कुटं बोलू नगा, गड्या."

मी खाली उतरलो आणि गाडी ढकलू लागलो. ढकलताना डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना दिसू नये म्हणून मागूनच ढकलत राहिलो. पारावर पुन्हा त्यांना कुणी टोमणा मारला की मला उठून सगळं सांगावंसं वाटे, पण शब्द दिला होता. त्यांनी ती गाडी शेवटपर्यंत विकली नाही. ओळखीच्या माणसाला ती द्यायची नाही आणि अनोळखी माणसाला फसवायचं नाही, म्हटल्यावर विकणार कुणाला?

गेल्या हिवाळ्यात सुभेदार गेले, झोपेतच. तेराव्याला मी गेलो तेव्हा गाडी गोठ्याशेजारीच उभी होती, कुणीतरी पुसून ठेवलेली. पोतं खुंटीला होतं. जेवणं उरकल्यावर व्याही माझ्याजवळ आले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "माजी गाडी लय जपली ह्यांनी. कवा येका शबदानं तक्रार न्हाई. तुमी तर व्हता त्या दिवशी. बसलं, बगितलं, आन् पसंत केली. गाडीची पारख व्हती बगा माणसाला."

त्यांच्यामागं रूपाली चहाचं ताट घेऊन उभी होती. ती माझ्याकडं बघत होती. मी कप उचलला, आधी सगळा चहा प्यालो, आणि मग म्हणालो, "होय. लय पारख होती."