चादरीला दोन झटके

मोठी चादर एकट्याने घडी घालून पाहिलीय कधी? एक टोक दातात, दुसरं जमिनीवर लोळतंय, आणि तुम्ही मधल्यामध्ये अडकलेले! तिला जोडीदार लागतो, नाचासारखी पावलं जुळावी लागतात. वर पुन्हा म्हणणार, नाच म्हणजे रिकामटेकड्यांचे थेर.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातल्या गिरकीमावशीला हेच ऐकवायला तपासणीचे साहेब आले. तक्रार होती, कामाच्या वेळी बायका नाचतात. ती खरी निघाली तर नव्या पोरींना शिकवायचं काम मावशीकडून काढून घेणार होते. तेवीस वर्षं शिकवतेय बाई. सुखासुखी सोडते होय!

साहेब दारात दिसताच मावशीच्या जोडीदारणीने चादरीला दोन झटके दिले. ते बघून शेजारच्या जोडीने दिले, मग पलीकडच्या. ओळीतल्या सगळ्या जणी नाच थांबवून एकदम सोज्वळ झाल्या. साहेबांनी हे पाहिलं, पण तेव्हा त्यांना काही उमगलं नाही.

"घडीच्या पायऱ्या कागदावर लिहून द्या!" सुकवणी यंत्रांच्या घरघराटात साहेब मावशीच्या कानाशी ओरडले. "पोरी वाचतील, शिकतील. नाच कशाला?"

"लिहू काय, माझं कपाळ? हातापायांना ठाऊक आहे ते. धरा टोकं."

"मी?"

"मग काय तुमची फाईल धरणार?"

साहेबांनी फाईल ठेवली, टोकं धरली. एक, दोन, मागे. तीन, पुढे, आणि काठाला काठ. साहेबांनी काठाला काठ द्यायच्या जागी स्वतःलाच गुंडाळून घेतलं. पोरी खो-खो हसल्या. दुसऱ्या खेपेला ते मावशीच्या पायावरच येऊन उभे राहिले.

"अहो, चादर ओढली म्हणजे मागे जा, सैल सोडली की या. घरी बायकोचं तरी ऐकता का कधी?"

साहेबांचे कान लाल झाले. पण सहाव्या चादरीला त्यांना ओढ कळली. नवव्या चादरीला तर गिरकी घेऊन त्यांनी घडी मागच्या थप्पीवर अशी अलगद ठेवली, की जोडीदारणीने टाळी वाजवली.

तेवढ्यात दार उघडलं. साहेबांचे मोठे साहेब! मावशीची दाराकडे पाठ. धाकट्या साहेबांना मात्र ते समोरच दिसले. ओरडून तरी ऐकू कुणाला जाणार? पण हात शहाणे झाले होते. चादरीला दोन झटके बसले.

मावशी ताठ उभी. मग डोळे बारीक करून म्हणाली, "ही खूण कुणी शिकवली हो?"

"मी आलो तेव्हा दिलीत ना, ती."

मोठे साहेब फेरी मारून गेले. धाकट्यांनी अहवालात लिहिलं, 'नाच आढळला नाही.' आणि मोठ्या खुशीत वाचून दाखवलं. मावशी भडकली.

"खोडा ते! नाचूनच शिकलात ना? मग लाज कसली?"

साहेबांनी ते खोडून लिहिलं, 'इथे नाचून शिकवतात. मी शिकलो. मावशींनाच शिकवू द्यावं.' खाली सही.

आता तुमचं. आज दोरीवरची चादर काढलीत की एक टोक घरातल्या त्या माणसाला द्या, ज्याच्याशी तुमचा अबोला आहे. तोंड मिटा, आणि चादर ओढते की सैल पडते, तेवढं बघा.