रिकामी गाडी अन् माझा डबा

माझा स्टीलचा डबा अकोल्यात कोणाकडे आहे, आठवते का? नाही आठवणार. त्यातले तिळाचे लाडू मात्र बरे आठवतात!

मी बोलून राहिली, नात मेघा आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाइप करून राहिली.

तिचा बाप, आमचा विलास, चांदूर बाजारहून अकोल्याले संत्र्याची गाडी नेते. आता माल घेणारे म्हणतात, एका क्रेटमागे गाडीचा धूर किती ते सांगा. कमी करा, नाहीतर आमी दुसरी गाडी पाहू.

आज सकाळी मेघानं डिझेलवरून हिशोब केला. धूर लई निघाला. विलास चिडला, "येतानाचं कावून धरून राहिली? गाडी तर रिकामी असते!"

"बाबा, येताना गाडी धूर आत ओढते काय?"

मी मधात बोलली, "शेजारणीचा डबा आपण कधी रिकामा परत देतो का रे? मंग एवढी गाडी रिकामी कावून आणतं?"

बोलली अन् फसली. पोरगं दिवसभर अकोल्यात परतीचा माल शोधत उपाशी फिरलं. दिवस मावळता आलं, तं गाडीत ढोरांच्या ढेपेची पोती, तेबी अर्धीच गाडी. मेघा म्हणते, येतानाचा थोडा धूर ढेपेवर गेला, संत्र्याच्या वाट्याचा कमी झाला. पण विलास न जेवताच आडवा झाला. रोज असं कसं जमन?

अकोल्याहून इकडे कोणाले काही पाठवायचं आहे का? सांगा बाप्पा, गाडी परवा तिकडे येते.

अन् माझा डबा त्याच गाडीत ठेवा. कुरडया भरून पाठवा, रिकामा नको.