नवतपातला लोकरीचा ससा

मामाजींनी टोपलीवरचं फडकं काढलं तेव्हा आत्याबाईंना वाटलं, पिंजलेला कापूस आणलाय. मामाजी म्हणजे माझे सासरे. ते जवळच्या एका शाळेत सूतकताई शिकवायचे, त्यामुळे पिंजलेल्या कापसाच्या टोपल्या आमच्या छपरीत बाराही महिने असत. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ही टोपलीही उचलून त्याच रांगेत ठेवली. मग कापूस शिंकला.

मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होते. आत्याबाई दोन पावलं मागे सरल्या. "अवं माय, ह्यात जीव हाय," त्या म्हणाल्या.

तो ससा होता. असा ससा मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही. आमच्याकडचे ससे कापसाच्या पऱ्हाटीतून पळतात, मातीच्या रंगाचे, सडसडीत. हा पांढराशुभ्र आणि गोल होता. नुसती लोकर, आणि लोकरीत कुठेतरी दोन डोळे. वरच्या डोंगरातून, बर्फाच्या मुलखातून कोणी ओळखीचा माणूस जोडी घेऊन निघाला होता. एक ससा आगगाडीतच मेला. उरलेला मामाजींनी मागून घेतला.

आम्ही बोरगावला राहायचो. तेव्हा ते वर्ध्याच्या बाहेरचं लहान गाव होतं. आमचे हे शहरात कारकून होते, सकाळी सायकलने जायचे आणि दिवेलागणीला यायचे. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. मी फार बोलत नसे. भीती होती असं नाही. शब्द घशापर्यंत यायचे आणि तिथेच बसून राहायचे. शाळेतही तसंच होतं. उत्तर पाटीवर लिहिलेलं असायचं आणि तोंडून निघायचं नाही म्हणून बाई उभं करायच्या. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मला त्या उभं राहण्यातून सुटल्यासारखं वाटलं, आणि नंतर बरेच दिवस रडूही आलं.

ससा आल्यावर शेजारच्या काकू भिंतीवरून हसल्या. "तुमच्या घरी आता दोन मुके झाले. एक पदरात लपते, एक केसात."

मामाजींशी तर मी एक शब्दही बोलले नव्हते. सून सासऱ्याशी बोलत नसे, सासराही सुनेशी बोलत नसे. मी समोर उभी असले तरी ते आत्याबाईंनाच म्हणायचे, "सूनबाईले सांग, पेळू संपले." आत्याबाईंनी सांगण्याआधीच मी पेळू, म्हणजे कातायला वळलेल्या कापसाच्या वळ्या, आणून ठेवायची. तेच माझं उत्तर.

सशाचं काम कोणी न सांगता माझ्याकडे आलं. ते पौषाचे दिवस होते. त्याला हरभऱ्याचा पाला आवडायचा. सकाळी मागच्या छपरीत कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, फटीतून उन्हाचा एक कवडसा यायचा. ससा त्यात येऊन बसे आणि त्याचे कान उजळायचे. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी हातातला झाडू तसाच धरून उभी राहिले. कानाच्या आत लाल रेघा होत्या. बुडाशी एक जाड, तिला दोन्ही बाजूंनी बारीक येऊन मिळालेल्या, त्यांनाही आणखी बारीक. चौथीच्या भूगोलात आमच्या जिल्ह्याचा नकाशा होता. धाम, यशोदा, वणा, सगळ्या नद्या शेवटी वर्धेत जातात. तो नकाशा मला न बघता काढता यायचा. तोच नकाशा ह्या जनावराच्या कानात होता, लाल रंगात, आणि तो हलत होता. मग मी रोज सकाळी बघायची. कोणाला काही सांगितलं नाही.

मामाजी त्याचे गळालेले केस गोळा करायचे. एकदा त्यांनी तेवढ्याच केसांचं टकळीवर हातभर सूत काढलं. आत्याबाईंना म्हणाले, डोळे मीट आणि हात पुढे कर. तळहातावर ते सूत ठेवलं. आत्याबाईंना वजन कळलं नाही, पण थोड्या वेळाने म्हणाल्या की ऊब लागते. दुपारी कोणी नसताना मीही करून पाहिलं. खरंच, जिथे धागा होता तेवढी रेघ कोमट झाली होती. एवढ्याशा धाग्यात ही ऊब कुठून आली, हे मला आजही सांगता येणार नाही.

मामाजींच्या मनात होतं की लोकर चार बोटं लांब झाली की एकदाच कापायची, चरख्यावर कातायची, आणि शाळेत दाखवायचं की कापसाच्या मुलखातल्या चरख्यावर हेही सूत निघतं. संध्याकाळी ते लोकरीत बोटं घालून मोजायचे. वैशाखापर्यंत तीन बोटं झाली होती.

तेवढ्यात त्यांना एका शिबिरात शिकवायला पंधरा दिवस बाहेर जावं लागलं. निघताना मी दारात तांब्या घेऊन उभी होते. ते आत्याबाईंकडे बघून म्हणाले, "सूनबाईले सांग, ससा जपजो. अन् कात्री लावू नोको म्हन. चार बोटं झाल्याबिगर नाई."

ते गेले आणि नवतपा लागला. सूर्य रोहिणीत आला की आमच्याकडे हे नऊ दिवस येतात. दहा वाजता रस्ता ओस पडतो. कावळे चोच उघडी टाकून बसतात. दाराची कडी उघडायला पदराचं टोक गुंडाळावं लागतं. वारा येतो तो भट्टीचं तोंड उघडल्यासारखा. मला एकच काळजी होती. बर्फातला जीव ह्यात कसा टिकायचा?

मी दाराला ओलं तरट टांगलं. सशाला जमिनीवर ठेवलं, थोडं पाणी शिंपडलं. पण त्याची जागा त्याने स्वतःच शोधली. मागच्या छपरीत वाळूवर दोन रांजण होते. त्यांच्यातून पाणी झिरपायचं आणि खालची वाळू सदा ओलसर असायची. ससा दोन रांजणांच्या मधे गेला, पुढच्या पायांनी वाळू उकरली आणि पोट टेकवून लांब पसरला. मी बघत राहिले. रांजण त्याच्या आईने पाहिला नव्हता, आजीने पाहिला नव्हता. मातीचं भांडं पाझरतं आणि त्याच्या बुडाशी गारवा असतो, हे त्याला कोणी सांगितलं असेल? तीन दिवस त्याने तसेच काढले. मी दर थोड्या वेळाने वाळूवर पाणी सोडायची.

चौथ्या दिवशी मी विहिरीवर गेले होते. मागे आत्याबाईंना त्याची दया आली. ऊन लागलेल्या माणसाचं जे करतात तेच त्यांनी केलं. मामाजींचं जुनं धोतर भिजवून त्यात त्याला गुंडाळलं, वरून लोटाभर पाणी ओतलं आणि लेकराला चोळावं तसं मायेनं अंगभर चोळलं. आम्ही कापसाची माणसं. कापूस भिजला तर वाळवायचा, पुन्हा पिंजायचा, पहिल्यासारखा होतो. लोकर तशी नसते, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक असणार?

मी परतले तेव्हा धोतर बाजूला पडलं होतं आणि लोकर सुकत होती. सुकता सुकता ती आवळत गेली. पाठीवर, पोटावर, काखेत तिचा एकच जाड थर झाला, घोंगडीसारखा. बोट शिरेना. ससा रांजणाकडे गेला, पण पोटाखाली तोच थर, वाळूचा गारवा आत पोचेना. दुपारी त्याचं तोंड उघडं पडलं. हनुवटी ओली झाली. मी कान धरला आणि हात मागे घेतला. तव्यासारखा तापला होता. कान उजेडाकडे वळवला तर आतल्या बारीक रेघा आता बारीक नव्हत्या. सगळ्या नद्यांना पूर आला होता.

मी बोटं पाण्यात बुडवून कानावरून फिरवली. रेघा किंचित उतरल्या. थांबले की पुन्हा भरल्या. पुन्हा ओली बोटं लावली, पुन्हा उतरल्या. तेव्हा मला समजलं की त्याची आग बाहेर पडायला हे दोन कान एवढीच वाट उरली आहे. बाकी सगळं घर बंद आहे.

मी कोनाड्यातून कात्री काढली. आत्याबाईंनी माझा हात धरला.

"मामाजी काय सांगून गेले, आयकलं ना तू?"

मी मान हलवली.

"मंग? मेला त ऊन लागून मेला म्हनता येते. कात्री लावली त ते तुह्या अंगावर येते."

त्या रागाने बोलत नव्हत्या. त्या मला वाचवत होत्या, हे मला कळत होतं. आणि त्यांचं म्हणणं खरंही होतं. नव्या सुनेनं सासऱ्याचा शब्द मोडला, तोही ते घरी नसताना, ही गोष्ट काकूंच्या भिंतीवरून गावभर जायला वेळ लागला नसता. मी खाली बसले आणि ससा मांडीवर घेतला.

त्याची कातडी ओल्या कागदासारखी पातळ होती. थर अगदी कातडीला लागून होता. मी डाव्या हाताची दोन बोटं कशीबशी मधे सरकवायची आणि बोटांच्या वरून कात्री चालवायची, म्हणजे लागलंच तर आधी मला लागेल. दोनदा लागलंही. घाम डोळ्यांत जात होता. सशाने एकदाही पाय झाडला नाही. थोड्या वेळाने आत्याबाई वाटीत पाणी घेऊन शेजारी येऊन बसल्या आणि त्याचे कान ओले करू लागल्या.

पाठीचा थर एका तुकड्यात निघाला. मग पोटाचा. आणि लोकरीतून जो ससा निघाला तो दोन ओंजळींत मावेल एवढा होता. आम्ही दोघी बघत राहिलो. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात राहणारा जीव एवढाच होता. उघड्या कातडीखाली त्याचं काळीज धडधडताना दिसत होतं, बरगडीत, गळ्यात, पोटात, सगळीकडेच.

त्याला वाळूत ठेवलं. तो बराच वेळ तसाच पडून होता. उन्हं कलल्यावर रांजणाचा एक थेंब टपकला आणि त्याचा डावा कान त्या आवाजाकडे वळला. आत्याबाईंनी पदराने तोंड पुसलं. रांजणाच्या ओलीवर उगवलेली घोळभाजी मी त्याच्यापुढे ठेवली. त्यातलं एक पान त्याने खाल्लं.

पुढचे पाच दिवस मी आणि आत्याबाईंनी पाळी लावली. एकीने कान ओले करायचे, दुसरीने वाळू.

मामाजी सकाळच्या गाडीने आले. छत्री खुंटीला लावली, पाय धुतले आणि मागच्या छपरीत गेले. कापलेली लोकर मी टाकली नव्हती, टोपलीत ठेवली होती. त्यांनी तो थर उचलला आणि त्यातून चिमटीने धागा ओढून पाहिला. धागा निघाला नाही, तुकडा निघाला. दुसरीकडून ओढला, तसंच झालं.

"कोनं केलं हे?" त्यांनी आत्याबाईंना विचारलं.

आत्याबाई माझ्याकडे बघेनात की त्यांच्याकडे बघेनात. मी पदर पुढे ओढून दाराशी उभी होते.

"मी," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. आत्याबाईंनी चमकून वर पाहिलं. पण एकदा निघाल्यावर बाकीचे शब्दही मागोमाग आले. "पानी लागून लोकर गच्च झालती. कान तापले होते. कापली नसती त गेला असता."

मामाजींनी तो तुकडा टोपलीत ठेवला. सशाजवळ उकिडवे बसले, त्याच्या पाठीवरून तळवा फिरवला. पाठीवर गव्हाच्या लांबीची नवी लव आली होती. मग त्यांनी मान वळवली. आत्याबाईंकडे नाही, माझ्याकडे.

"कानाचं तुले कसं समजलं?"

ते शब्दांत सांगणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी ससा उचलला आणि कवेलूंच्या फटीतून कवडसा पडला होता तिथे नेला. कान बोटांवर पसरून धरला. तो उजळला. मामाजी वाकले. त्यांनी चष्मा काढला, धोतराने पुसला, पुन्हा लावला. सूत पारखताना ते श्वास धरायचे, तसा त्यांनी श्वास धरला होता.

"ही वर्धा," मी म्हणाले. "अंग तापलं की हिले पूर येते. ही धाम."

त्यांनी बोट न लावता दुसरी रेघ दाखवली. "अन् ही?"

"यशोदा."

"अन् ही?"

"वणा."

ते आणखी वाकले आणि त्या खालच्या, केसाहून बारीक रेघेकडे बोट नेलं. "अन् ही?"

माझ्या चौथीच्या नकाशातल्या नद्या संपल्या होत्या. कानातल्या संपल्या नव्हत्या.