डाव्या बाजूची सीट

मी वापीला एका कारखान्याची बस चालवतो. सकाळच्या पाळीची माणसं उचलायची, संध्याकाळी त्यांच्या त्यांच्या नाक्यावर सोडायची. गाडी नवी आहे, स्टेअरिंग एका बोटानं फिरतं. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला परमुलखात एवढं मिळालं याबद्दल माझी तक्रार नाही. उलट रोज सकाळी भीती वाटते की आज कुणीतरी येऊन म्हणेल, उतर खाली, ही तुझी नाही. पण हमरस्त्यावर समोरून एखादी जुनी, ताडपत्रीच्या छताची जीप आली की माझी नजर आधी तिच्या डाव्या सीटवर जाते. तिथं कोण बसलंय ते दिसल्याशिवाय जीव भांड्यात पडत नाही. बहुतेक वेळा कुणी पोरगा असतो मोबाईल बघत. तरी ती दिसेनाशी होईपर्यंत मी आरशात बघत राहतो.

माझी जीप होती तेव्हा मी राणीसावरगावात राहत होतो. माझी म्हणजे आधी आप्पांची. आप्पांचं गावात किराणा-भुसाराचं दुकान. माणूस लिंगायत, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि बोलणं असं की गिऱ्हाईक भांडायला यायचं आणि गूळ घेऊन जायचं. त्यांनी कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावात ती जीप घेतली आणि चालवायला मला ठेवलं. ट्रकवर माझा हात बसलेला होता, वय वीस-एकवीस. पुढं दुकानाला टेम्पो आला तेव्हा त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, "आप्पा, ते खटारं इकून टाका आता."

"तिला ह्याचाच हात कळतो," आप्पा म्हणाले. "आपल्या दारात राहिली तर कोंबड्या बसतील तिच्यात."

आणि जीप माझ्या नावावर करून दिली. असं कुणी करतं का? त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. आपल्याला एवढं कुणी दिलं की आनंद होतो की भीती वाटते, हे मला आजही सांगता येत नाही.

निळा रंग मीच दिला तिला, ब्रशनं, केसांसारखे ओरखडे राहिले. दुसरा गिअर उडायचा, म्हणून डाव्या हातानं दांडा दाबून धरावा लागे. थंडीत हँडल मारून सुरू करायची. आत गोणपाटाचा आणि हळदीचा वास, तो कितीही धुतली तरी गेला नाही. राणीसावरगाव ते गंगाखेड मी माणसं भरायचो. सोमवारी दुकानाच्या मालासाठी परभणीपर्यंत जायचो तेव्हा आप्पा सोबत असायचे, डावीकडे पुढं. ते सीटवर पाय खाली सोडून कधी बसलेच नाहीत. दुकानातल्या गादीवर बसावं तशी मांडी घालून बसायचे, हात मांडीवर, आणि रस्त्यातल्या प्रत्येकाचा नमस्कार घेत जायचे. "शरणार्थ, आप्पा." "शरणार्थ." कधी कधी मला वाटायचं, जीप रस्त्यावर नाही, त्यांच्या त्या बसण्यावर चाललीय.

मग आप्पा आजारी पडले. परभणीच्या दवाखान्यात आठ दिवस होते. मीच नेलं, मीच तिथं जीपमध्ये झोपायचो. थोरला मुलगा होता, आणि अव्वा होत्या. अव्वा म्हणजे आप्पांच्या मंडळी. सगळं गाव त्यांना अव्वाच म्हणायचं. नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आप्पा गेले. त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. एस.ट्या डेपोत, दुकानांना कुलपं, दवाखान्याच्या दारात रिक्षा नाही.

त्यांच्यात मयताला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, बसवूनच मिरवत नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं. गाव लांब, रस्ता कसा असेल माहीत नाही. अव्वा मला म्हणाल्या, "निजवून न्यायचं न्हाई त्यांना. तू कसं बी कर."

मागच्या लांब बाकड्यांना पाठ नव्हती. मग पुढंच बसवलं. त्यांच्या त्यांच्या जागेवर, मांडी घालून. थोरल्यानं उपरण्यानं छाती सीटच्या पाठीला बांधली आणि वरून शाल पांघरली. अव्वांनी बटव्यातून भस्म काढून कपाळाला लावलं. मग ते दोघं मागं बसले आणि मी गाडी सुरू केली.

त्या रस्त्याबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. ऊन चांगलं तापलेलं होतं. दुसरा गिअर धरायला डावा हात पाहिजे, आणि वळणावर आप्पा माझ्याकडं कलायचे तेव्हाही डावाच हात पाहिजे. त्यांचा खांदा माझ्या तळव्याला लागायचा. शालीतूनसुद्धा कळत होतं.

पोखर्णीच्या अलीकडं रस्त्यावर दगड टाकलेले होते आणि पंधरा-वीस पोरं उभी होती. एकजण माझ्या बाजूला आला.

"बंद हाय, म्हाईत न्हाई का? कुठं चाललाव?"

"गावाकडं. राणीसावरगावला."

त्यानं वाकून आप्पांकडं बघितलं. "आजोबाला दवाखान्यात न्यायलाव का?"

"न्हाई, आणायलाव."

"बरं हाय का आता?"

"हाय," मी म्हणालो. "बरं हाय. डोळा लागलाय त्यांचा."

मयत म्हटलं असतं तर त्यांनी आणखी लवकर सोडलं असतं. हे मला त्या वेळीही कळत होतं. पण तोंडातून तेच निघालं. पोरानं मागं बघून ओरडून सांगितलं, "अरे दगडं काढा, आजारी माणूस हाय!" आणि दगड बाजूला सारताना एक जण आप्पांना म्हणाला, "जपून जा, आजोबा."

दैठण्याला एक ओळखीचा हॉटेलवाला अर्ध्या उघड्या फळीतून बाहेर आला. दर सोमवारी आप्पा त्याच्याकडं चहा घ्यायचे. गाडी हळू झालेली बघून तो हात जोडून म्हणाला, "शरणार्थ, आप्पा! लय दिवसानं! चहा टाकू का अर्धा कट?"

मी म्हणालो, "शरणार्थ. पुढच्या खेपेला घेतेत म्हणायलेत."

पुढं गंगाखेडपर्यंत मी असे चार-पाच नमस्कार घेतले. आप्पांच्या वतीनं. घामानं स्टेअरिंग निसटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं, कारण जोवर मी उत्तर देत होतो तोवर ते बसलेले होते.

गावात पोचल्यावर सगळं रीतीनं झालं. फुलांनी सजवलेल्या पालखीत बसवून नेलं. लोक म्हणाले, चेहरा किती शांत आहे.

पण ती गोष्ट दैठण्याहून परत आली. हॉटेलवाल्याला खबर लागली तेव्हा त्यानं आठ दिवस अंथरूण धरलं म्हणे. मग माझ्या गाडीत पुढं कुणी बसेना. मागं सोळा माणसं कोंबून बसायची, मागच्या पायरीवर दोघं लोंबकळत, आणि डावी सीट मोकळी.

"पुढं बसा की," मी म्हणायचो.

"न्हाई बाबा, ती सीट बुक हाय."

"आप्पाला इचार, सरकतेत का जरासं!"

सगळे हसायचे, मीही हसायचो. एक म्हातारी मात्र हसली नाही. चढता चढता तिनं त्या सीटला हात लावून नमस्कार केला आणि मागं जाऊन बसली. त्या दिवसापासून मला सीटची स्प्रिंग वाजलेली ऐकू यायला लागली. रिकामी सीट, खड्ड्यात वाजणारच. पण ती खड्डा नसतानाही वाजायची. डावीकडचं वळण आलं की माझा हात आपोआप पुढं जायचा, कुणाला तरी धरायला. मग मी भर दुपारी एकटा गाडीत बसायला भ्यायला लागलो. ज्या माणसानं मला पोटाला लावलं, त्या माणसाला मी भ्यायला लागलो.

शेवटी मी जीप विकायला काढली. उदगीरकडचं एक गिऱ्हाईक आलं. त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तो डाव्या सीटवर पाय पसरून बसला, पान लावलं, म्हणाला, "इंजिन झ्याक हाय की." मी कागदावर सही केली. त्याचा ड्रायव्हर जीप घेऊन निघाला तेव्हा मला मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि ती मारुतीच्या पारावरून वळली तेव्हा मागून ताडपत्रीची फाटकी खिडकी दिसली, आतली डावी सीट दिसली, आणि मी पळत सुटलो. अनवाणी. गावाच्या वेशीपर्यंत गेलो. काय म्हणणार होतो त्याला, कुणास ठाऊक.

पंधरा दिवस झाले नसतील. अव्वा माझ्या दारात आल्या. नवरा गेल्यापासून त्या घराबाहेर पडलेल्या नव्हत्या.

"तुझ्या गाडीतून एकदा न्यायलास का मला? परभणीपासून गावापर्यंत?"

"नेतो की. कशाला पण, अव्वा?"

"त्या दिवशी मागून मला नुसता त्यांचा पटका दिसायलता. पुढून काय काय बघत आले ते बघायचंय. त्याच सीटवर बसून." मग म्हणाल्या, "तू त्या पोराला बरं हाय म्हणलास ना, तेवढा येळ मला खरंच बरं वाटलं."

गाडी विकली असं मला म्हणता आलं नाही. मी म्हणालो, "गाडी परभणीला टाकलीय, मिस्त्रीकडं. झाली की सांगतो."

दुसऱ्याच दिवशी मी उदगीरला गेलो. तो माणूस भला होता, त्यानं मला जेवू घातलं. पण जीप नव्हती. त्यानं ती पुढं एका भंगारवाल्याला दिली होती. इंजिन एकाकडं गेलं, चाकं दुसऱ्याकडं. भंगारवाल्याच्या अंगणात मी निळा पत्रा ओळखला, माझ्या ब्रशच्या ओरखड्यांवरून. सीट कुठंय विचारलं तर तो म्हणाला, "कोन्ती सीट? रेग्झिन कुजलेलं, जाळलं असंल."

परत येताना एस.टी.त मी ठरवलं ते चूक होतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही. गंगाखेडला एका ओळखीच्या ड्रायव्हरकडं तशीच जीप होती. तशीच निळी, तशीच ताडपत्री. एका दिवसाला मागून घेतली. आतून पुसली नाही, मुद्दाम. दुकानातून हळदीची पिशवी आणून सीटखाली ठेवली. एवढं केलं मी.

अव्वा थोरल्या मुलाबरोबर एस.टी.नं परभणीला आल्या. दवाखान्याच्या फाटकाजवळ मी त्यांना हात देऊन डावीकडं चढवलं. त्यांनी मांडी घातली, पदर सारखा केला. मुलगा मागं बसला. गाडी वेगळी आहे हे त्याला ओळखू आलं असेलही.

पोखर्णी गेली. दैठणा गेलं. अव्वा सगळं बघत होत्या, बाभळी, तुरीची शेतं, रस्त्याकडेची टाकी. मी सारखा तिरक्या डोळ्यानं त्यांच्याकडं बघत होतो. मनात म्हणत होतो, पटलं, पटलं, आता एवढा पूल ओलांडला की झालं.

गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या पुलावर त्या म्हणाल्या, "हळू घे."

मी गाडी हळू केली. खाली पाणी कमी होतं, वाळू चमकत होती.

"ही ती गाडी न्हाई," त्या म्हणाल्या.

माझा पाय ब्रेकवर गेला. गाडी पुलावरच थांबली. मी काहीतरी बोलायला लागलो, मिस्त्री, नवीन सीट, असं काहीबाही.

"चढतानाच कळलं मला. इकलास ना?"

"व्हय."

"भ्यालास त्यांना?"

मागं थोरला होता. त्याच्यासमोर, त्याच्या बापाबद्दल. पण मी मान हलवली.

अव्वा पाण्याकडं बघून बोलल्या ते माझ्याशी की स्वतःशी, मला कळलं नाही. "मी बी भ्याले होते. पुढं दोघांना जागा व्हती. त्यांना धरून मीच बसायला पायजे होतं. पन्नास वर्षं ज्याच्यासंगं निजले त्या माणसाला हात लावायला भ्याले, आन् तुझ्या हातात दिलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुला सांगू का, थोडं थांबायचं होतंस. चार-सहा महिने. जातं ते भेव. माझं गेलं."

मागून एस.टी. हॉर्न द्यायला लागली. पुलावर तिला पुढं जायला वाट नव्हती. मी गिअर टाकला.